यादीतलं नाव

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला निरोप दिला होता, ‘तू कॉम्प्युटरमधली. एआयवर बोल. आमची पोरं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, त्यांचं काय करायचं ते सांग.’ खरं सांगते, मलाही ते ठाऊक नाही. माझा मुलगाही दिवसभर मोबाइलमध्येच असतो. शिवाय मागच्या मांडवातून निलंगा राईसचा वास यायला लागलाय. तीस वर्षांनी घरचं जेवण समोर असताना एआय कोण ऐकणार? म्हणून मी एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. तो आपल्यातला नाही, पण त्याच्यामुळे आपल्याच शाळेतली एक गोष्ट मला नीट कळली. ती बावीस वर्षं मनात ठेवून आहे. आज इथे ठेवते.

विल्यम हंग हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. हा मुलगा जन्मानं हाँगकाँगचा, लहानपणी घरच्यांबरोबर अमेरिकेत गेलेला. २००३ साली तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता. वय वीस. तिकडे ‘अमेरिकन आयडॉल’ नावाचा गाण्याचा कार्यक्रम जोरात होता. आपला ‘इंडियन आयडॉल’ त्याच घरातला, तो ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या निवड फेरीत हा मुलगा गेला आणि रिकी मार्टिनचं ‘शी बँग्ज’ हे गाणं नाच करत म्हणून दाखवलं. जानेवारी २००४ मध्ये ते टीव्हीवर दिसलं.

आता तो कसा गायला ते सांगते. अगदी वाईट. सूर नाही, ताल नाही. नाच म्हणजे आपण पीटीच्या तासाला हातपाय हलवायचो तसा. एका परीक्षकाने हसू लपवायला तोंडापुढे कागद धरला. दुसरी खुदखुदत होती. तिसरा सायमन कॉवेल. त्याने गाणं मध्येच थांबवलं आणि तोंडावर सांगितलं, तुला गाता येत नाही, नाचता येत नाही, मी काय बोलू? यावर रडणारे त्या कार्यक्रमात पुष्कळ असत, भांडणारेही असत. हा मुलगा शांतपणे म्हणाला, मी माझ्या परीनं सगळं दिलं, मला कसलीही खंत नाही. वर प्रामाणिकपणे सांगितलं, की मी गाण्याचं शिक्षण घेतलेलं नाही. त्यावर सायमनने आणखी एक टोमणा मारला. झालं, मुलगा बाहेर.

त्या जानेवारीत मी तिथून तासाभराच्या अंतरावर, सॅन होजेमध्ये होते. नांदेडहून इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागले होते, आणि कंपनीने सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. विमानात पहिल्यांदा बसलेली निलंग्याची मुलगी. एका सकाळी ऑफिसच्या मेलवर एक फाइल आली. सोबत लिहिलं होतं, ‘हे बघच.’

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. तेव्हा यूट्यूब नव्हतं. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला एप्रिल २००५ मध्ये. फेसबुक फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू झालं, तेही एका कॉलेजपुरतं. व्हॉट्सअ‍ॅपचं तर नावही नव्हतं. मेलबॉक्स इतके लहान, की मोठी फाइल आली की दुसरी मेल यायची बंद व्हायची. तरीही हा व्हिडिओ जगभर गेला. कसा? माणसांच्या हातांनी. कुणीतरी टीव्हीवरून उतरवून घेतला, मित्राला मेल केला, मित्राने ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकला, तिथून दुसऱ्याने उचलला. त्याचे चाहते तयार झाले, त्याच्या नावाची वेबसाइट निघाली. कोणत्याही मशीनने तो व्हिडिओ आपल्या पुढ्यात आणून ठेवला नव्हता. प्रत्येक वेळी एका माणसाने ठरवून दुसऱ्या माणसाकडे पाठवला होता.

त्या माणसांत मीही होते. मी पोट धरून हसले आणि पुण्यातल्या चौदा जणांना ती फाइल पाठवली.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी एका मीटिंगमध्ये मी माझं काम समजावून सांगत होते. ‘डेव्हलप’ हा शब्द मी आपल्यासारखा म्हणायची, ‘डे’वर जोर देऊन. तिकडे तो जोर ‘वे’वर असतो. समोरच्या एकाने तो शब्द माझ्याच पद्धतीने परत म्हणून दाखवला. दोघं हसले. फार नाही, थोडंसंच. त्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण माझं पुढचं वाक्य घशातच राहिलं. तसं हसणं मला नवीन नव्हतं. पुण्यात पहिल्या महिन्यात मी ‘काय करायलाव?’ म्हटलं तेव्हा अख्खी रूम हसली होती. तेव्हापासून मी आपली बोली फोनवर, दार लावून, फक्त आईशी बोलायची.

त्या रात्री मी ती फाइल पुन्हा उघडली. या वेळी कागदाआड लपलेला परीक्षक दिसला. विल्यमचे उच्चारही ऐकू आले. लोक नुसत्या बेसुरेपणाला हसत नव्हते, त्या उच्चारांनाही हसत होते, त्याच्या चेहऱ्यालाही हसत होते. पुढे अमेरिकेतल्या आशियाई लोकांनी नेमकं हेच लिहिलं आणि बोलून दाखवलं, की ही कौतुकाची प्रसिद्धी नाही, ही आमची जुनीच टिंगल आहे.

आणि तो ‘मला खंत नाही’ म्हणाला, त्या क्षणी मला आपलं दहावीचं गॅदरिंग आठवलं.

आठवतंय? १९९५ मध्ये झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं होतं, सोनू निगम असायचा. गावात ज्यांच्याकडे केबल होती त्यांच्या घरी आपण गर्दी करायचो. म्हणून आपल्या गॅदरिंगमध्येही तशीच स्पर्धा ठेवायचं ठरलं. तीन शिक्षक परीक्षक, दहा गायक. चोवीस जणांनी नावं दिली होती, त्यातून दहा निवडायचे होते. मी वर्गप्रतिनिधी होते, यादी माझ्याकडे होती.

आपल्या वर्गात एक मुलगा नववीत आला होता, किल्लारीकडच्या भागातून. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट इथल्या कुणाला सांगायला नको. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं उठलीच नाहीत. त्याचे घरचे वाचले होते, पण घर राहिलं नव्हतं. ते लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि तो इथे मामाकडे राहून शिकायचा. बोलायचा कमी. त्यानेही नाव दिलं होतं. मी त्याला मधल्या सुट्टीत गाताना ऐकलं होतं. त्याला सूर अजिबात नव्हता.

चोवीस नावांतून आम्ही नऊ चांगले गाणारे काढले. दहावं नाव मी त्याचं लिहिलं.

पुढचं तुम्हाला आठवत असेल. पहिल्या ओळीलाच मुलींच्या बाजूने हसू फुटलं, मग मुलांच्या, मग शिट्ट्या. तो थांबला नाही. दोन्ही कडवी पूर्ण म्हणाला, नमस्कार केला आणि खाली उतरला. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारलं, ‘यादी कोणी केली होती?’ मी उठले आणि म्हणाले, ‘सगळ्यांनी मिळून, बाई.’ बाईंनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि शिकवायला सुरुवात केली.

आता विल्यम हंगकडे परत येते, कारण ही यादीची गोष्ट तिथेही आहे. आपल्याला टीव्हीवर वाटतं, की माणूस रांगेतून थेट परीक्षकांसमोर गेला. तसं नसतं. हजारो लोक येतात. आधी निर्मात्यांची माणसं ऐकतात, आणि त्यांनी पुढे पाठवलेलेच परीक्षकांसमोर उभे राहतात. म्हणजे विल्यमला आधी कुणीतरी ऐकलं होतं आणि तरीही ‘जा पुढे’ म्हटलं होतं. आपण घरी तांदूळ पाखडतो तेव्हा खडे बाजूला काढतो. त्यांच्या सुपात चांगला तांदूळही ठेवला जात होता आणि निवडक खडेही. मधलं सगळं फेकलं जात होतं. कारण मधल्याला बघायला कुणी थांबत नाही. खड्याला लोक हसतात, आणि हसायला लोक थांबतात.

सायमन कॉवेल कठोर होता असं सगळे म्हणतात. मला तर वाटतं, त्या खोलीत निदान तो तरी सरळ बोलला. मुलाला गाता येत नव्हतं, हा निकाल बरोबरच होता. बेसुऱ्याला बेसुरा म्हणणं यात अपमान नाही. आमच्या कामातही रोज कुणीतरी सांगतं, तुझा प्रोग्रॅम चुकला आहे. चुकलेला असतो, दुरुस्त करायचा. पण ज्याने विल्यमला त्या दारातून आत पाठवलं, त्याचं काय? त्याला निकाल आधीच माहीत होता. त्याला गाणं नको होतं, त्याला तो माणूस हसण्यासाठी हवा होता.

मी दहावीत तेच काम केलं होतं. चौदाव्या, पंधराव्या वर्षी, कुणी न शिकवता.

विल्यमचं पुढे काय झालं? एप्रिल २००४ मध्ये, म्हणजे टीव्हीवर दिसल्यावर तीनच महिन्यांत, त्याचा ‘इन्स्पिरेशन’ नावाचा अल्बम आला. दोन लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्या कार्यक्रमात निवड झालेल्या कितीतरी लोकांच्या नशिबी एवढं आलं नाही. त्याने शिक्षण मध्येच सोडलं, गावोगाव कार्यक्रम केले. मग लाट ओसरली. लाट ओसरल्यावर तो परत अभ्यासाला बसला, गणितात पदवी घेतली, आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात गुन्ह्यांच्या आकडेवारीचा विश्लेषक म्हणून नोकरीला लागला. एप्रिल २०१६ मध्ये त्या कार्यक्रमाचा निरोपाचा भाग झाला, तेव्हा त्याला सन्मानाने बोलावलं होतं. त्याने तेच गाणं पुन्हा म्हटलं. अलीकडे तो लोकांसमोर अपयशावर भाषणं देतो.

गोष्ट इथे गोड करून संपवता येईल. ‘बघा, हसले त्यांचे दात दिसले.’ पण मला ती तशी सांगायची नाही. दोन लाख प्रती घेणाऱ्यांत किती जणांना त्याच्या हिमतीचं कौतुक होतं आणि किती जणांना घरी मित्र बोलावून पुन्हा हसायचं होतं, हे कुणालाच वेगळं काढता येणार नाही. विक्रीच्या आकड्यात दोन्ही सारखेच मोजले जातात.

नाकारलेल्या माणसाच्या ज्या गोष्टी आपल्याला आवडतात त्या वेगळ्या असतात. आपल्या लातूरचा रोहित राऊत घ्या. २००९ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’च्या अंतिम फेरीतल्या पाच जणांत होता, विजेती झाली कार्तिकी गायकवाड. अकरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, ‘इंडियन आयडॉल’मध्ये उपविजेता झाला. पण त्याच्या गळ्यात गाणं आहे, ते आज सगळ्यांना ठाऊक आहे. अरिजित सिंग २००५ मध्ये ‘फेम गुरुकुल’मधून बाहेर पडला होता. नेहा कक्कर ‘इंडियन आयडॉल’च्या दुसऱ्या पर्वातून बाहेर पडली आणि पुढे त्याच कार्यक्रमात परीक्षकाच्या खुर्चीत बसली. या गोष्टी मुलांना जरूर सांगाव्यात. मात्र त्यांतून मुलं एकच शिकतात, की परीक्षक चुकला होता आणि माणूस मुळात हुशारच होता.

आणि परीक्षक बरोबर असेल तर? मुलाला खरंच येत नसेल तर? आपल्यातले बरेचजण बऱ्याच गोष्टींत असेच आहोत. मला अजून पोळी गोल येत नाही. विल्यमची गोष्ट मला म्हणून जास्त जवळची वाटते. त्याला गाता येत नव्हतं, आणि तरी तो मान वर करून उभा होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

आता संयोजकांनी दिलेल्या विषयाचं थोडं देणं फेडते. २००४ मध्ये फाइल पुढे पाठवायला माणूस लागायचा. आज तुमच्या मुलांच्या मोबाइलवर कोणता व्हिडिओ पुढे येईल ते प्रोग्रॅम ठरवतो. तो काय मोजतो? किती जणांनी बघितलं, किती वेळ बघितलं, किती जणांनी पुढे पाठवलं. कौतुकाने बघितलं की टिंगलीने, हे त्या आकड्याच्या पोटात दिसत नाही. २०१९ मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणाघाट स्टेशनवर गाणाऱ्या राणू मंडल यांना अशाच एका व्हिडिओने सिनेमाच्या गाण्यापर्यंत नेलं, आणि काही महिन्यांतच त्यांच्या चेहऱ्यावरच्या मेकअपवर देशभर विनोद सुरू झाले. वर नेणारे आणि खाली ओढणारे बोटांचे ठसे बहुधा तेच होते. विचारलं तर प्रत्येकजण म्हणेल, मी एकट्याने काय केलं? सगळ्यांनी मिळून.

म्हणून मुलांचं काय करायचं, याचं माझं उत्तर छोटं आहे. मोबाइल काढून घेणं मला तरी जमलेलं नाही. पण माझा मुलगा कुणाचा व्हिडिओ हसत हसत पुढे पाठवताना दिसला, की मी एवढंच विचारते, ‘हा माणूस आत्ता आपल्या हॉलमध्ये बसला असता, तर पाठवला असतास का?’ कधी तो पाठवतो, कधी नाही पाठवत. पण थांबतो.

आता शेवटचं, आणि सगळ्यात अवघड.

काल रात्री आपण सगळे नीळकंठेश्वराचं दर्शन घेऊन परत येत होतो, तेव्हा तो माझ्याबरोबर चालत होता. होय, तोच. आज इथेच बसला आहे. त्याला विचारूनच मी हे बोलते आहे. नाव मात्र घेणार नाही, तीस वर्षांपूर्वी एकदा लिहिलं तेवढं पुरे. आता त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे, मुलगी नर्सिंगला आहे. मी चालता चालता त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझं नाव मी मुद्दाम घातलं होतं. लोकांनी हसावं म्हणून.

तो म्हणाला, “मला म्हाईत होतं की. यादी लागली तवाच कळलं. बाकीचे नऊ कोण होते ते बघितलं ना मी.”

मी म्हटलं, “मग गायलास कशाला?”

तो म्हणाला, “माइक पहिल्यांदा हातात येणार होता. परत कोण देणार होतं?”

त्याने एवढंच सांगितलं. ‘जाऊ दे’ म्हणाला नाही, आणि मीही ‘माफ केलंस का’ असं विचारलं नाही. तो प्रश्न विचारून मला फक्त माझं ओझं त्याच्या डोक्यावर द्यायचं असतं. आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला आणि आपापल्या मुक्कामी गेलो. पण झोपताना मला कळलं, की तीस वर्षं मी त्या मुलाला भाबडा समजत होते. भाबडी मीच होते. त्याला सभागृह काय करणार ते माहीत होतं आणि त्यातून आपल्याला काय घ्यायचं तेही माहीत होतं.

विल्यम हंगलाही असंच काही कळलं असेल का, हे मी सांगू शकत नाही. पण ‘मला खंत नाही’ हे वाक्य मी आता वेगळ्या कानाने ऐकते.

बाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर दिलं होतं, पण ते चुकीचं होतं, आणि मला वाटतं तुम्हाला ते तेव्हाच कळलं होतं. आज बरोबर उत्तर देते.

यादी मी केली होती, बाई. एकटीने.